नौगावचं खळं आणि हरवलेला रेणू

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला 'सॅम्पलिंग' हा धडा सगळेच पाठ करून जातात. यादृच्छिक नमुना, स्तरित नमुना, नमुन्याचा आकार, सगळं तोंडपाठ असतं. पण हातात आलेला नमुना आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचं काय काय झालं, हा प्रश्न त्या धड्यात क्वचितच येतो. तो न विचारल्यामुळे एका वनस्पतीचं रसायनशास्त्र कित्येक दशकं कसं अडकून पडलं, ते आज बघू. वनस्पती आहे गांजा. आधीच सांगून ठेवतो, हा इतिहासाचा लेख आहे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला गेला. गांजामुळे लोक वेडे होतात का, बंदी घालावी का, असा एकूण रोख होता. त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. त्यांनी ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला, तोही सात खंडांचा. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, नियंत्रण ठेवा आणि कर घ्या, असा त्यांचा निष्कर्ष. अहवालाचा हा भाग सगळीकडे उद्धृत होतो. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला खरा खजिना सापडतो तो लागवड आणि तयारीच्या प्रकरणांत.

त्या वेळी मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यात गांजा पिकत होता, मध्य प्रांतात खांडव्याकडे पिकत होता. पण सगळ्यांत काटेकोर व्यवस्था होती ती बंगालमधल्या नौगावच्या आसपास. हा भाग आज बांगलादेशात आहे. तिथल्या लागवडीच्या पट्ट्याला 'गांजा महाल' म्हणत. कलकत्त्याच्या शाही वनस्पती उद्यानातले डेव्हिड प्रेन यांनी १८९३ मध्ये या पिकावर स्वतंत्र अहवाल लिहिला. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यामुळे बारकावे बघायची सवय होती.

पीक असं घेत. पावसाळा संपता संपता रोपं लावायची. झाडं वाढीला लागली की नर झाडं शोधून उपटायची. हे काम शेतकरी स्वतः करत नसे, त्यासाठी जाणकार बोलवत. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत, इंग्रज अधिकारी त्याला गांजाचा डॉक्टर म्हणायचे. नर राहिला तर मादी फुलांत बी धरतं आणि राळ कमी होते. म्हणून अख्ख्या शेतात बारकाईने फिरून एकेक नर काढायचा. चार-दोन राहिले तरी पिकाचं नुकसान.

कापणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. कापलेली झाडं एका मोकळ्या, साफ केलेल्या जागेवर आणत. त्या जागेला 'चातर' म्हणत, आपल्या भाषेत खळं म्हणू. तिथे उन्हात झाडं कोमेजू द्यायची, मग शेंडे आतल्या बाजूला करून वर्तुळात मांडायची आणि माणसांनी त्यावर उभं राहून पायांनी तुडवायची. थरावर थर. मग ढीग करून तो झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी उलगडायचा, ऊन दाखवायचं, पुन्हा तुडवायचं. ज्यांच्या घरी आंब्याची आढी घालतात त्यांना हे लगेच कळेल. झाकलेल्या ओलसर ढिगात ऊब धरते आणि माल मुरतो. तुडवल्यामुळे राळेने चिकट झालेली फुलं एकमेकांना घट्ट चिकटून त्यांचे गठ्ठे बनतात.

यातून तीन प्रकारचा माल निघे. फांदीसकट दाबलेला चपटा गांजा, पायाखाली लाटून गोल केलेला गोल गांजा आणि गळून पडलेला चूर. चपट्यात काडी जास्त, गोलात कमी, चुरात जवळजवळ नाहीच. म्हणून शेरामागे कर चपट्यावर सगळ्यांत कमी आणि चुरावर सगळ्यांत जास्त. इथे थोडं थांबा. अबकारी खात्याकडे रसायनशाळा नव्हती, राळेतलं नशा आणणारं द्रव्य कोणतं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तरीही काडीचं वजन आणि राळेचं वजन वेगळं धरायचं, हे त्यांनी करात बसवलं होतं.

आणखी एक गोष्ट सरकारी गोदामांना ठाऊक होती. गांजा जुना झाला की त्याचा जोर उतरतो. ताज्या मालाला भाव, गेल्या वर्षीच्या मालाला कमी, त्याहून जुन्याला कुणी विचारत नाही. फार जुना झालेला माल जाळून टाकत. व्यापारी, शेतकरी, कारकून सगळ्यांना हे माहीत. लेखी नोंदही आहे. आता बघा, ही माहिती रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलापर्यंत पोहोचली का?

त्याआधी औषधाची बाजू बघू. १८३९ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजचे विल्यम ओशॉनेसी यांनी गांजाचा अर्क धनुर्वातासारख्या आजारांवर वापरून त्याची टिपणं प्रसिद्ध केली. वाळलेले शेंडे अल्कोहोलमध्ये उकळायचे आणि अल्कोहोल उडवून अर्क घ्यायचा, अशी पद्धत. तिथून हे औषध विलायतेला गेलं, फार्माकोपियात बसलं. आणि मग डॉक्टरांची तक्रार सुरू झाली, ती पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. एका बाटलीने रुग्णाला गुंगी येते, दुसऱ्या बाटलीने काहीच होत नाही. डोस ठरवायचा कसा? माल कधी कापला, किती मुरला, किती महिने गोदामात आणि बोटीत होता, यातलं काहीच बाटलीवर नसायचं. पुढे नवी, मोजून देता येणारी औषधं आली आणि १९३२ मध्ये ब्रिटिश फार्माकोपियाने गांजाचा अर्क वगळला. कारणं इतरही होती, पण 'भरवसा नाही' हे मोठं कारण होतं.

आता मूळ गोष्टीकडे. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसावर काम केलं. चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ. तिचं ऊर्ध्वपातन करून त्यांनी एक लालसर तेल मिळवलं आणि पुढे त्यातून एक शुद्ध पदार्थ वेगळा केला. त्याला नाव पडलं कॅनाबिनॉल, आज आपण त्याला सीबीएन म्हणतो. गांजाचं मुख्य द्रव्य सापडलं, असं वाटलं. १९३० च्या दशकात कान यांनी त्याच्या रचनेचा बराचसा उलगडा केला, १९४० मध्ये अॅडम्स आणि टॉड यांच्या गटांनी तो प्रयोगशाळेत बनवला. आणि बनवल्यावर कळलं की या शुद्ध पदार्थाचा परिणाम अगदीच किरकोळ आहे. मग नशा कशाने येते? ते उत्तर १९६४ मध्ये इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांना मिळालं. टीएचसी.

गंमत टीएचसी आणि सीबीएनच्या नात्यात आहे. ताज्या हिरव्या झाडात टीएचसी फार थोडं असतं. झाड बनवतं ते त्याचं आम्ल, टीएचसीए. वाळताना, मुरताना, जुनं होताना हळूहळू आणि तापवल्यावर झपाट्याने त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निघून जातो आणि टीएचसी उरतं. रेणूभार ३५८ वरून ३१४ वर येतो. ओशॉनेसींच्या उकळण्याने आणि चिलमीच्या निखाऱ्याने हेच होत होतं. पण गोष्ट तिथे थांबत नाही. हवा आणि उजेड लागत राहिला की टीएचसीतले चार हायड्रोजन जातात, रेणूभार ३१० होतो आणि तयार होतं सीबीएन. म्हणजे सीबीएन हा गांजाच्या म्हातारपणाचा रेणू आहे. केंब्रिजमधलं काम चोख होतं. त्यांनी जे वेगळं केलं ते नमुन्यात खरोखर होतं. मात्र ते झाडाने तसं बनवलेलं नव्हतं, काळाने बनवलेलं होतं.

सीबीएन आधी सापडायला तांत्रिक कारणही होतं, ते सांगायला हवं. त्याचे स्फटिक करता येत होते. टीएचसी चिकट, तेलकट, शेजारच्या रेणूंपासून सुटं करायला अवघड. त्यासाठी क्रोमॅटोग्राफी आणि एनएमआर हाताशी यावे लागले. त्यामुळे नौगावचे कारकून केंब्रिजला भेटले असते तर टीएचसी १८९६ मध्येच सापडलं असतं, असं म्हणणं अतिरेक होईल. पण 'जुना माल जोर गमावतो' ही नोंद शेजारी ठेवली असती, तर आपण जे वेगळं केलं ते मूळ द्रव्य की त्याचा अवशेष, हा प्रश्न तरी लवकर उभा राहिला असता.

पुढे या नोंदीला आकडे मिळाले. १९७६ मध्ये फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी साठवणीवर काम केलं. सर्वाधिक नुकसान उजेडाने, त्याखालोखाल हवेने, असं दिसलं. नीट तयार केलेला माल अंधारात, साध्या तापमानाला ठेवला तर एक-दोन वर्षं बराच टिकतो. १९९० मध्ये तर साधारण १८९६ ते १९०५ च्या काळातल्या वाळलेल्या नमुन्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं आणि त्यात सीबीएन ठळकपणे दिसलं. गोदामाच्या कारकुनाचं म्हणणं मास स्पेक्ट्रोमीटरने मान्य केलं, असं समजा.

हा विषय आजही जिवंत आहे. आपल्या कायद्यात गांजाची 'अल्प मात्रा' १ किलो आणि 'व्यावसायिक मात्रा' २० किलो धरली आहे. शिक्षा किती, हे त्यावर ठरतं. आता ओली झाडं आणि वाळलेली झाडं यांच्या वजनात किती फरक पडतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जप्तीच्या दिवशी केलेलं वजन आणि काही महिन्यांनी केलेलं वजन जुळेलच असं नाही, आणि त्या फरकात एखाद्या माणसाची काही वर्षं असू शकतात. नौगावने काडी आणि राळ वेगळी मोजली होती, हे अशा वेळी आठवतं.

तर तुम्ही उद्या प्रस्ताव लिहाल, तेव्हा नमुन्याच्या रकान्यात तीन ओळी जास्त लिहा. तो कधी आणि कुणी गोळा केला, गोळा केल्यापासून विश्लेषणापर्यंत तो कुठे आणि कसा ठेवला होता, आणि तो हाताळणाऱ्या माणसांना त्याच्याबद्दल काय माहीत आहे. हळद असो, नदीचं पाणी असो की रक्त, प्रश्न हेच. तिसरा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित. त्याचं उत्तर जर्नलमध्ये मिळत नाही, ते गॅझेटियरमध्ये, अबकारी अहवालात, नाहीतर खळ्यावर काम करणाऱ्या माणसाकडे असतं. हेम्प ड्रग्ज कमिशनचे खंड ऑनलाइन मोफत वाचता येतात. एखाद्या रविवारी लागवडीचं प्रकरण उघडा आणि तुमच्या विषयाच्या चष्म्यातून वाचून बघा.