विजेरीचा खटका

विजेरीचा इतिहास सहसा दिव्याच्या अंगाने सांगतात: आधी कार्बनची तार, मग टंगस्टनची, शेवटी एलईडी. माझ्या मते तो आधी खटक्याचा, म्हणजे सेलमधली वीज दिव्यापर्यंत किती आणि कशी सोडायची याचा इतिहास आहे. डेव्हिड मिसेलला १८९९ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, ती विजेरी म्हणजे एक नळी, टोकाला पितळी परावर्तक आणि आत ओळीने बसवलेले कोरडे सेल. त्या सेलना फार वेळ प्रवाह पुरवता येत नसे, म्हणून दिवा क्षणभर लावायचा आणि सोडायचा; ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरूनच पडले. पुढे टंगस्टनची तार आली आणि खटका सरकवून ठेवण्याची सोय झाली. आपल्याकडे जिला सरसकट ‘बॅटरी’ म्हणतात तिच्यात पितळेची एक पट्टी दुसरीला टेकली की काम भागे. गंज चढला तर पॉलिश पेपरने घासायचे, एवढीच दुरुस्ती. एवढ्यावर भागत होते, कारण टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि ती स्वतःच प्रवाहाला आवर घालते.

एलईडीला असा आवर नाही. व्होल्टेज किंचित वाढले तरी तिच्यातला प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो, आणि पांढरी एलईडी साधारण तीन व्होल्टच्या आसपास पेटते; दीड व्होल्टच्या एका सेलवर ती लागतच नाही. १९९९ मध्ये एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात एक ट्रान्झिस्टर आणि लहानशी कॉइल वापरून, जवळपास संपलेल्या सेलवर एलईडी पेटवणारे सर्किट छापून आले. हौशी मंडळी त्याला पुढे ‘ज्यूल थीफ’ म्हणू लागली. लिथियम सेल आल्यावर ७१३५ ही चिप रुळली. एक चिप साधारण ३५० मिलिअँपिअर प्रवाह धरून ठेवते. हौशी लोकांनी एकीच्या पाठीवर दुसरी डकवून आठ चिपांचा, म्हणजे २.८ अँपिअरचा ड्रायव्हर, प्रवाहाला आवर घालणारे सर्किट, केला. खरी क्रांती एलईडीची आणि लिथियमची, ड्रायव्हर नुसता मदतनीस, असे कुणी म्हणेल. पण आवर न घातलेली एलईडी ताज्या सेलवर जळू शकते. ज्या दिव्याला आवराची एवढी गरज आहे, त्याच्या इतिहासात आवर घालणाऱ्याला दुय्यम कसे म्हणायचे?

खटकाही इथेच पुन्हा महत्त्वाचा ठरला. ०.३ अँपिअरच्या जुन्या दिव्यात खटका आणि स्प्रिंग यांचा मिळून ०.१ ओहमचा रोध ०.०३ व्होल्ट खाई, कुणाच्या लक्षातही येत नसे. तीन अँपिअरला तोच रोध ०.३ व्होल्ट खातो, आणि ०.९ वॅट उष्णता शेपटीच्या स्प्रिंगमध्ये आणि खटक्यात साचते. म्हणून स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना तांब्याची तार डकवतात. डोळ्याला दहा टक्के उजेड वाढलेला कळत नाही, मग हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रश्न केवळ उजेडाचा नाही. सेल ४.२ व्होल्टपासून उतरत जातो, आणि ७१३५ ला काम करायला एलईडीच्या वर थोडेसे व्होल्टेज शिल्लक लागते, त्यातले ०.३ गेले की उजेड लवकर ढळू लागतो. विजेऱ्यांसाठीच्या २००९ च्या एफएल-१ मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ मोजतात, त्यामुळे हा फरक तासांच्या आकड्यात लपून जातो. दर मिनिटाला लक्समीटर वाचून काढलेल्या आलेखात तो दिसतो: रेघ कुठे मोडली आणि तेव्हा सेलवर किती व्होल्ट होते हे कळले, की तार डकवायची की नाही ते ठरवता येते.