एका गहाळ चित्रफितीचा पाठविचार

हस्तलिखितांचा शोध करणारास तीन प्रश्न नेहमीं सोडवावे लागतात. ग्रंथ कोणत्या साधनांनीं सिद्ध झाला, त्यांत काय व कोणत्या क्रमानें सांगितलें आहे, आणि ज्यांच्यासाठीं तो लिहिला त्यांनीं त्याचा अर्थ कसा लाविला. हे प्रश्न भूर्जपत्र, ताडपत्र व कागद यांपुरतेच आहेत अशी आपली एक समजूत असते. ती आतां सोडून दिली पाहिजे. चित्रफीत हेंहि आतां जुनें साधन झालें आहे. तिच्यावर केलेल्या प्रयोगात्मक कृति विक्रीकरितां नसून केवळ कलेच्या शोधाकरितां होत्या, म्हणून त्या पुष्कळदां एकेकाच प्रतींत असत. एकमेव प्रतीच्या ग्रंथाचें पुढें काय होतें हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. मुंबई येथें १९६९ ते १९७२ या काळांत झालेल्या एका उद्योगाचा, व त्यांतील दोन चित्रफितींचा, या दृष्टीनें येथें विचार कर्तव्य आहे. त्यांपैकीं एक उपलब्ध आहे, दुसरी गहाळ आहे.

(१) उद्योगाची हकीकत

चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांस १९६९ सालीं जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्ति मिळाली. त्या द्रव्याचा विनियोग त्यांनीं स्वतःपुरता न करितां मुंबईंत नेपियन सी रोडवर 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' या नांवाची एक कार्यशाळा उघडली. चित्रकार, छायाचित्रकार व चित्रपटकार यांनीं एकमेकांचीं साधनें हाताळावीं हा तिचा हेतु होता. मणि कौल, कुमार शहानी, छायालेखक के. के. महाजन व त्या वेळीं अगदीं तरुण असलेल्या नलिनी मलानी (जन्म १९४६, कराची) यांचा तिच्याशीं संबंध आला. १९७२ च्या सुमारास कार्यशाळा बंद पडली. तिचें आयुष्य तीन वर्षांचें. परंतु हिंदुस्थानांत चित्रकारांनीं फीत हातीं धरून केलेल्या प्रयोगांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास आरंभीं तिचेंच नांव घालावें लागेल.

(२) साधन व रचना

पदमसींनीं स्वतः दोन चित्रफिती केल्या. 'सिझिजी' ही १९७० सालची. ती सोळा मिलिमीटर रुंदीच्या फितीवर, कृष्णधवल, ध्वनिरहित असून सुमारें अकरा मिनिटांची आहे. तींत मनुष्य नाहीं, देखावा नाहीं; केवळ रेषा, बिंदु व आकृति आहेत. संख्यांच्या पूर्वनियोजित क्रमानुसार सुमारें एक हजार रेखाचित्रें काढून तीं एकामागून एक छायांकित केलीं, आणि त्यांतून चलन उत्पन्न केलें. शीर्षकाचा शब्द मूळ ग्रीक असून ज्योतिषांत त्याचा अर्थ सूर्य, चंद्र व पृथ्वी हीं एका रेषेंत येणें असा आहे. अमावास्या व पौर्णिमा या दोहोंसहि तो लागू पडतो. आपल्या पंचांगांतील 'पर्व' हा शब्द त्याच्या जवळचा आहे. आणि पर्व म्हणजे वेळूचें पेरहि. चित्रफितींतील रेषा एका पेराशीं थांबून दुसऱ्या पेरास सांधल्यासारख्या वाढतात, म्हणून हें मराठी नांव तिला मूळ नांवाइतकेंच शोभलें असतें.

दुसरी चित्रफीत 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. हीहि सोळा मिलिमीटरची, परंतु रंगीत व सुमारें सहा मिनिटांची होती. पदमसींनीं स्वतःच्याच एका तैलचित्रास आधार धरून, त्यांतील आकार कापून काढलेल्या साच्यांतून रंगीत प्रकाश पाडून, ते पुनः फितीवर उतरविले. तैलचित्रांत जें एकदम दिसतें तें येथें काळाच्या ओघांत क्रमाक्रमानें दिसावें, ही त्यांतील कल्पना. शीर्षकांतील 'मेघकोठी' हें पदार्थविज्ञानशास्त्रांतील उपकरण होय. तें सिद्ध केल्याबद्दल सी. टी. आर. विल्सन यांस १९२७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. विद्युद्भारित कण बाष्पानें भरलेल्या कोठींतून जातो, त्याच्या मार्गावर सूक्ष्म जलबिंदु जमतात, आणि कण न दिसतां त्याची वाट तेवढी दिसते. धूमावरून वह्नीचें अनुमान करणाऱ्या नैयायिकांस ही रीति ओळखीची वाटेल; आणि इतिहाससंशोधकाचें सर्व काम याच जातीचें आहे.

(३) कथन : क्रम असून कथा नाहीं

ज्या चित्रफितींत कथा नाहीं तींत कथन आहे काय, असा प्रश्न पहिल्यापासून विचारला जातो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आपल्याकडील एक जुना उल्लेख पाहणें युक्त होईल. पाणिनीच्या 'हेतुमति च' (३.१.२६) या सूत्रावरील भाष्यांत पतंजलीनें एक शंका घेतली आहे. कंसाचा वध व बलीचें बंधन या गोष्टी होऊन दीर्घकाळ लोटला असतां 'कंसास मारवितो' असा वर्तमानकाळीं प्रयोग कसा संभवतो? समाधान करितांना त्यानें तीन प्रकारचे लोक सांगितले आहेत : प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर वध करून दाखविणारे शौभिक, चित्रें दाखविणारे, आणि केवळ शब्दांनीं ती हकीकत बुद्धीपुढें उभी करणारे ग्रंथिक. शौभिक म्हणजे नट कीं छायानाट्य दाखविणारे याविषयीं विद्वानांत वाद आहे. ल्यूडर्स यांनीं १९१६ सालीं छायानाट्याचा पक्ष मांडला, तो सर्वमान्य झाला नाहीं. तो वाद बाजूस ठेविला तरी मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. चित्र भूतकाळास वर्तमान करितें, आणि तें ज्याच्या बुद्धींत वर्तमान होतें तो प्रेक्षक होय. मानसोल्लासांत उल्लेखिलेला चित्रकथक, किंवा आमच्या कुडाळजवळील पिंगुळीचा चित्रकथी, हे याच परंपरेंतले. चित्रकथ्याच्या पोथींतील चित्र स्थिर असतें. त्यास गति देतो तो कथ्याचा शब्द.

'सिझिजी'मध्यें हा संबंध उलटा झाला आहे. चित्र चालतें आणि शब्द गप्प आहे. कथा काढून घेतल्यावर जें शिल्लक राहतें तो क्रम. आणि नुसत्या क्रमासहि अर्थ असूं शकतो. वैयाकरणांच्या स्फोटवादांत हेंच सांगितलें आहे. वर्ण एकामागून एक उच्चारले जातात व लय पावतात, दोन वर्ण कधींहि एकत्र राहत नाहींत, तरीहि शेवटच्या वर्णाबरोबर अखंड अर्थ प्रकट होतो. फितीवरील चित्रांचें याहून निराळें नाहीं. दर सेकंदास चोवीस चित्रें येऊन नाहींशीं होतात. रेषा 'वाढली' हें ज्ञान त्यांपैकीं कोणत्याहि एका चित्रांत नसून पाहणाराच्या संस्कारांत असतें.

पदमसींस संस्कृत वाङ्मयाची गोडी होती, ही गोष्ट येथें नमूद करण्याजोगी आहे. १९७० पासून त्यांनीं 'मेटास्केप' या नांवाचीं जीं चित्रें काढलीं त्यांतील सूर्यचंद्रांचें मूळ त्यांनीं स्वतः अभिज्ञानशाकुंतलाच्या नांदींत सांगितलें आहे. तेथें कालिदासानें शिवाच्या आठ प्रत्यक्ष मूर्ति त्यांचीं रूढ नांवें न घेतां, त्यांच्या कार्यावरून सुचविल्या आहेत. सूर्य व चंद्र हे काळाचें विधान करणारे म्हणून येतात. नांव न घेतां वस्तु ओळखूं देणें ही युक्ति 'सिझिजी'तहि आहे. शीर्षकाखेरीज सूर्यचंद्रांचा उल्लेख तींत कोठेंहि नाहीं.

(४) प्रेक्षक

महाभाष्याच्या त्याच स्थळीं पुढें असें म्हटलें आहे कीं, कोणी कंसाच्या पक्षाचे होतात, कोणी वासुदेवाच्या. कोणाचीं मुखें तांबडीं होतात, कोणाचीं काळीं. हे ग्रंथिक कीं श्रोते, हाहि विवाद्य प्रश्न आहे. श्रोते मानिल्यास, एकाच कथनापासून दोन परस्परविरुद्ध अर्थ निघाल्याची ही अति प्राचीन नोंद ठरते. परंतु ज्या कृतींत कंसहि नाहीं व वासुदेवहि नाहीं तेथें प्रेक्षकानें कोणता पक्ष घ्यावा? कथेची अपेक्षा धरून बसणारास अकरा मिनिटांच्या रेषा निरर्थक वाटल्यास नवल नाहीं. अशा कृतीस सहृदयाची गरज अधिक असते, कारण विभावादि सामग्री तींत अत्यल्प आहे.

नलिनी मलानी यांच्या कृतींवरून प्रेक्षकाचें कार्य पुढें कसें वाढलें हें दिसून येतें. कार्यशाळेंत १९६९ सालीं त्यांनीं 'ड्रीम हाउसेस' ही रंगीत चित्रफीत केली. तींत नव्या वास्तुरचनेविषयींचा त्या काळचा आशावाद आहे. १९७६ सालीं त्यांनीं तिच्या शेजारीं दुसरी कृष्णधवल चित्रफीत जोडली, जींत एक तरुणी प्रत्यक्ष मुंबईकडे पाहत आहे. आणि दोहोंस मिळून 'यूटोपिया' हें नांव दिलें. मूळ व टीका एकाच पानावर लिहिलेल्या त्रिपाठी पोथीसारखी ही रचना आहे. टीका वाचल्यावर मूळ पूर्वींच्या अर्थानें वाचतां येत नाहीं. पुढें मे १९९८ मधील पोखरणच्या अणुस्फोटानंतर त्यांनीं मंटो यांच्या कथेवरून 'रिमेंबरिंग तोबा टेकसिंग' ही रचना केली. तींत पत्र्याच्या ट्रंकांमध्यें दूरचित्रवाणीचे पडदे ठेविले असून भिंतींवर मोठीं चित्रें पडतात. समोरासमोरच्या भिंतींवरील दोन स्त्रिया एक साडी घडी करूं पाहतात, आणि मध्यें अणुस्फोटाचीं जुनीं दृश्यें येतात. ही कृति फितीवर नसून व्हिडिओ पद्धतीची आहे. येथें प्रेक्षक बसत नाहीं, चालतो. कोणती ट्रंक आधीं पाहावी हें तोच ठरवितो, म्हणून प्रत्येकाची संहिता निराळी होते. एका स्त्रीकडे तोंड केलें म्हणजे दुसरीकडे पाठ होते. फाळणीविषयींच्या कृतीस याहून योग्य मांडणी सुचविणें कठीण आहे.

(५) गहाळ प्रत व तिची पुनर्रचना

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. 'क्लाउड चेंबर'ची एकच प्रत होती. ती दिल्लीस एका प्रदर्शनाकरितां पाठविण्यांत आली व परत आली नाहीं. पुढें सुमारें पंचेचाळीस वर्षांनीं चित्रपटकार आशिम अहलुवालिया यांनीं, पदमसी हयात असतांना, त्यांच्या आठवणींच्या आधारें ती कृति पुनः उभी करण्याचा यत्न केला. त्यांतून त्याच नांवाचा जो चित्रपट झाला तो २०१६ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेला.

या दुसऱ्या कृतीची योग्यता मोठी आहे. पदमसी २०२० सालीं निवर्तले. तो यत्न झाला नसता तर त्यांची साक्षहि त्यांच्याबरोबर गेली असती. परंतु पाठनिर्णयाच्या दृष्टीनें तिला मूळाची प्रत म्हणतां येत नाहीं. प्रत ही मूळावरून होते. येथें मूळ समोर नव्हतें. ती कर्त्याच्या स्मृतीवरून झालेली नवी वाचना आहे, आणि नव्वदीकडे झुकलेल्या पुरुषाची स्मृति ही एक्केचाळिसाव्या वर्षींची बुद्धि नव्हे. उद्यां कोणी नव्या कृतींतील एखादा रंग किंवा आकार दाखवून '१९६९ सालीं असें होतें' म्हणूं लागल्यास, प्रक्षेपावरून मूळाचा काळ ठरविण्याची जी चूक आपण पुराणांच्या बाबतींत टाळतों, तीच येथें घडेल.

याला संस्कृतांत एक समर्पक उदाहरण आहे. भट्टनायकाचा 'हृदयदर्पण' आज उपलब्ध नाहीं. प्रेक्षकास रसाचा भोग कसा होतो याविषयींचें त्याचें मत आपणांस कळतें तें मुख्यतः अभिनवगुप्तानें तें खोडून काढण्यासाठीं उद्धृत केल्यामुळें. तेवढ्यावरून मत कळतें, ग्रंथ कळत नाहीं. मात्र निराशेचेंहि कारण नाहीं. भासाचीं नाटकें शतकानुशतकें नांवापुरतीं उरलीं होतीं, टी. गणपतिशास्त्री यांनीं केरळांतील हस्तलिखितांवरून १९१२ पासून तीं प्रसिद्ध केलीं. त्यांच्या कर्तृत्वाविषयीं वाद झाला व चालू आहे. परंतु वाद करावयास ग्रंथ तरी हातीं आले.

(६) संग्राहकांस विनंति

हस्तलिखितें जमविणारांच्या हातीं जुन्या घरांतील दप्तरांबरोबर पत्र्याचे गोल डबेहि येतात, आणि ते बहुधा भंगारांत जातात. यापुढें तसें होऊं देऊं नये. डबा सांपडल्यास त्यावरील चिठ्ठी, शिक्के व अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. डबा कोठें, कोणत्या कागदांबरोबर मिळाला तें लिहून ठेवावें. आंतील फीत जुन्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह आवरावा; आकसलेली फीत त्यांत तुटते. शिरक्यासारखा वास आल्यास फितीचें द्रव्य कुजूं लागलें असें समजून ती इतरांपासून वेगळी, थंड व कोरड्या जागीं ठेवावी व जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावी. व्हिडिओच्या चुंबकीय फितींचें आयुष्य तर याहूनहि कमी आहे. त्यांवरील लेप ओल धरून चिकट होतो, आणि त्या वाचणारीं यंत्रेंहि दुर्मिळ होत चाललीं आहेत. ज्या रचना अनेक पडद्यांच्या आहेत त्यांचे आराखडे, मापें व मांडणीचे टिपणहि जतन झालें पाहिजे. नुसती फीत राखणें म्हणजे पोथीचीं पानें राखून त्यांचे अंक खोडण्यासारखें होईल.

सहा मिनिटांची ती फीत गुंडाळली असतां हाताच्या पंजाएवढ्या डब्यांत मावेल. एवढीशी वस्तु दिल्लींतील एखाद्या कोठारांत, किंवा परतीच्या वाटेवर भलत्याच पत्त्यावर, आजहि पडून असणें अशक्य नाहीं. ती मिळाल्यास १९६९ ची वाचना व २०१६ ची वाचना शेजारीं ठेवून ताडून पाहतां येतील, आणि कर्त्याच्या स्मृतीनें काय राखलें व काय बदललें हें निश्चित सांगतां येईल. तोंपर्यंत या दोन कृतींचा निर्देश करितांना प्रत्येकीबरोबर तिचें साल न चुकतां लिहावें, एवढी शिस्त तरी अभ्यासकांनीं पाळणें अवश्य आहे.