जेऊरची दोन मिनिटे

माझी पणजी, म्हणजे आजीची आई, एका गिराणाची गोष्ट सांगत असे. ती लहान पोर असताना भरदुपारी अंधारून आले, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आभाळात चांदण्या दिसल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा ऊन पडले. पणजीला मी पाहिलेले नाही. गोष्ट आजीकडून ऐकली आणि ती गोष्टच आहे असे धरून चाललो. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण झाले. तेव्हा मी पंचविशीत होतो. माळशिरसच्या माळावर उभा राहून काळ्या काचेतून ते पाहिले. सूर्याचा बराच भाग झाकला गेला, ऊन मळकट झाले, पण अंधार काही पडला नाही आणि कोंबड्या उकिरडा उकरत राहिल्या. घरी येऊन आजीला म्हणालो, "तुझ्या आईने तिखटमीठ लावून सांगितलंय." आजी म्हणाली, "तिनं बघितलं, तू न्हाईस."

पुढे ग्रहणांचा इतिहास जमवण्याचा नाद लागला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी, शिक्षण बेताचे. ग्रंथालये आणि जुनी नियतकालिके हीच माझी शाळा. अशा माणसाच्या हातून होते तशी चूक माझ्याही हातून झाली. एका दिवाळी अंकात मी ठासून लिहिले, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहिले आणि तिथेच हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' त्याचा पुरावा म्हणून दिले. महिन्याभरात एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच प्रश्न होता : "त्या दिवशी लॉकियर कुठे होते, हे तपासले का?"

तपासले नव्हते. तपासायला बसलो तेव्हा कळले, की त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. १८६८ च्या ग्रहणाची सावली आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून आत येऊन जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण अशी पूर्वेकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते, तर गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा जान्सेन यांनी पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहून दाखवल्या. लॉकियर यांनी इंग्लंडात बसून २० ऑक्टोबर १८६८ रोजी स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच बैठकीत आली. त्या रेषांतली एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेजवळ असूनही सोडियमची नव्हती. ती नव्या मूलद्रव्याची असावी असे म्हणून लॉकियर यांनी त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले. १८९५ मध्ये रॅम्से यांना ते पृथ्वीवरच्या एका खनिजातही सापडले.

मग विजयदुर्गावरचे ओटे कुठून आले? लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन्ही ग्रहणे कोकण किनाऱ्यावरून आत आली, माणूस तोच आणि शोध त्याच्याच नावाशी जोडलेला. लोकांच्या आठवणीत दोन तारखांची एक झाली. तिथे आजही १८ ऑगस्टला हेलियम दिन होतो. त्या उत्साहाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण तीच चूक मी छापून मोकळा झालो होतो.

पण चूक दुरुस्त करताना १८९८ ही तारीख हाती लागली आणि तिने मला घरी आणून सोडले. त्या ग्रहणाची आपल्या मुलखातली तीन नामांकित ठाणी होती : कोकणात विजयदुर्ग, वऱ्हाडात तळणी आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातले जेऊर. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर या ठिपक्यांना पट्टी लावून मी पेन्सिलीने रेघ ओढली. माळशिरस त्या रेघेपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर निघाले. दोन्ही ठाणी सावलीच्या मध्यरेषेजवळ निवडलेली होती आणि सावलीचा पट्टा त्याच्या कितीतरी पट रुंद होता. म्हणजे पौष अमावास्येच्या त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहण माळशिरसवरूनच गेले होते. तेव्हा पणजी आठ-दहा वर्षांची असणार. खंडग्रासात चांदण्या दिसत नाहीत. ज्या गोष्टीला मी तिखटमीठ म्हणालो होतो ती खरी निघाली आणि मी छापलेली माहिती खोटी निघाली. आजी तोवर गेलेली होती.

अकलूज-टेंभुर्णीवरून भीमा ओलांडून मी जेऊरला गेलो. स्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर चार जणांना विचारले. ग्रहणाचे कोणालाच ठाऊक नव्हते. स्थानक मात्र त्या कथेतले खरे पात्र आहे. वेधाची अवजड यंत्रे बैलगाडीने फार दूर नेता येत नाहीत. मुंबई-पुण्याहून येणारा लोहमार्ग आणि सावलीची मध्यरेषा जेऊरजवळ एकमेकींना छेदत होत्या, म्हणून हे गाव निवडले गेले.

कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथ यांच्यासह जेऊरच्या माळावर तळ ठोकून होते. त्यांच्याबरोबर चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. दुसरा तळ आपल्या माणसाचा होता. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवत. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. तो काळही आठवावा. पुण्यात प्लेग होता. रँडच्या वधाला सात महिने झाले होते आणि चापेकर खटल्याच्या छायेत शहर होते. मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढणारे 'ओरायन'चे कर्ते टिळक तुरुंगात होते. अशा दिवसांत हा प्राध्यापक पेट्या बांधून जेऊरला आला. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची होती. वर्षभराची तयारी तेवढ्यात वसूल व्हायची, नाहीतर वाया जायची. आकाश निरभ्र राहिले. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाण्याच्या क्षणी काही सेकंदच दिसणाऱ्या झळकवर्णपटाची आणि प्रभामंडलाची छायाचित्रे त्यांनी घेतली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रहणाचे एक फलित मला विशेष जवळचे वाटते, कारण तीही चुकीची दुरुस्तीच होती. प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा असते. ती १८६९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणात सापडली होती आणि तिची जागा ५३१७ आंगस्ट्रॉम धरली गेली होती. खालच्या थरातल्या दुसऱ्याच एका परिचित रेषेशी तिची गल्लत झाली होती. ही चूक एकोणतीस वर्षे ग्रंथांत राहिली. १८९८ च्या छायाचित्रांनी हिरव्या रेषेची खरी जागा ५३०३ आंगस्ट्रॉमजवळ असल्याचे दाखवले. कॅम्पबेल यांनी जेऊरच्या वेधांवरून केलेले मोजमाप पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. फरक चौदा आंगस्ट्रॉमचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्शाहून थोडा जास्त. काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला अशा फरकाची किंमत सांगावी लागत नाही.

जागा बदलताच ती रेषा अनोळखी झाली. पृथ्वीवरच्या कोणत्याच द्रव्याशी ती जुळेना; तिच्यासाठी 'कोरोनियम' नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले होते. १९४० नंतर स्वीडनच्या एडलेन यांनी कोडे सोडवले. रेषा लोखंडाचीच होती, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. त्यासाठी दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा आणि त्याबाहेरचे प्रभामंडल दहा-वीस लाखांचे. चुलीपासून दूर जावे तसे अधिक भाजावे, असा हा प्रकार आहे. त्याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

त्याच शोधात २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या कक्षेत स्थिरावले. तिथे सूर्य कधी मावळत नाही. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने त्यासाठी बनवलेला प्रभामंडलदर्शक यंत्रातच सूर्यबिंब झाकतो. जेऊरला दोन मिनिटे मिळाले ते ग्रहण तिथे हवे तेव्हा करता येते. हा दर्शक ज्या रेषा टिपतो त्यांत ५३०३ आंगस्ट्रॉमची ती हिरवी रेषा आहे. १६ जुलै २०२४ रोजी सूर्यातून उसळलेल्या द्रव्याचा अभ्यास याच रेषेतून झाला. सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली आहे. २२ फेब्रुवारी २०२४ च्या मोठ्या सौरज्वाळेत खालच्या थरात नेमकी कुठे झळाळी आली, ते तिने टिपले. वर प्रभामंडलातला वायू तापण्याशी त्या झळाळीचा थेट मेळ दिसला.

एक दुवा राहिला. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. यंत्रे कोडाईकनालला गेली. कोडाईकनालच्या त्याच वेधशाळेतून पुढे बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था घडली. म्हणजे पुण्याहून यंत्रे गेली त्या घराण्यानेच आज अंतराळात हिरव्या रेषेचा दर्शक पाठवला आहे. याला मी परंपरा म्हणतो. ती सिद्ध करायला लॉकियरना १८६८ मध्ये विजयदुर्गावर आणून बसवावे लागत नाही.

जेऊर स्थानकावर एक फलक असावा असे मला वाटते. मजकूर थोडकाच पुरे : 'येथून जवळ २२ जानेवारी १८९८ रोजी प्रा. कावसजी नायगमवाला यांनी खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले.' त्यात शोधाचा दावा नको. जे घडले तेवढेच लिहावे. माळशिरसला फलकाची गरज नाही. मी माझ्या नातीला गिराणाची गोष्ट सांगितली आहे, तारखेसह. ती म्हणाली, "आजोबा, कोंबड्या पुन्हा बाहेर आल्या का?" ते मात्र पणजीला विचारायचे राहून गेले.