अन्योक्ती: दोन मार्कांचा अलंकार, जन्मठेपेची शिक्षा

गंगापूर रोडने कॉलेजला किंवा क्लासला जाताना कुसुमाग्रज स्मारक दिसतंच. तिथल्या एका सभागृहाचं नाव ‘विशाखा’. कुसुमाग्रजांचा याच नावाचा कवितासंग्रह १९४२ साली आला. त्याच्याकडे शेवटी येऊ. आधी अलंकार. हो, शाळेच्या व्याकरणातलेच! स्किप करू नका. कारण यातल्या एकाचा अर्थ याच नाशिकमधल्या एका माणसाला फार महागात पडला.

तो अलंकार म्हणजे अन्योक्ती. बोलायचं एकाबद्दल, रोख मात्र दुसऱ्यावर. घरातल्या भाषेत सांगायचं तर लेकी बोले सुने लागे. सासूबाई रागावतात लेकीला, पण सुनेला बरोबर कळतं. आणि विचारलंच तर, ‘मी तुला कुठे काय म्हटलं?’

आता १९०९ सालात चला. राज्य इंग्रजांचं. नाशिकच्या बाबाराव सावरकरांनी, म्हणजे गणेश दामोदर सावरकरांनी, कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. वरवर पाहिलं तर कविता हिंदू देवांच्या आणि शिवाजी महाराजांसारख्या वीरांच्या. तरी राजद्रोह आणि सरकारविरुद्ध युद्धाला चिथावणी असे आरोप ठेवले गेले. शिक्षा झाली जन्मठेप, काळं पाणी.

अपील मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती चंदावरकरांच्या निकालाचा आशय असा: देवांची आणि वीरांची नावं हे फक्त निमित्त. खरं सांगणं हे, की तलवार उचला आणि हे परकं, जुलमी सरकार उलथवा. शिक्षा कायम राहिली. बाबाराव अंदमानला गेले.

गंमत बघा. ‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न इथे कोर्टाने सोडवला, आणि किंमत कवितांच्या प्रकाशकाने मोजली. अन्योक्तीची खरी अडचण हीच आहे. लोकांना कळावं इतकं उघड बोलायचं, पण कायद्याच्या हाती लागू नये इतकं झाकायचं. जे लोकांना कळतं, ते न्यायाधीशालाही कळतंच की!

आता ‘विशाखा’कडे येऊ. त्यात ‘आगगाडी व जमीन’ नावाची कविता आहे. मस्तीत धावणारी गाडी आणि तिच्याखाली चिरडली जाणारी, विनवणी करणारी जमीन. जमीन माणसासारखी बोलते, ही झाली चेतनगुणोक्ती. पण ती जमीन म्हणजे कोण? शेतकरी? कामगार? गुलाम देश? असं विचारलंत की तुम्ही अन्योक्तीत शिरलात. इंग्रज १९४७ साली गेले, कविता मात्र जुनी झाली नाही. कारण कवीने कुणाचंच नाव घेतलं नाही. चाकाखाली जो येईल, त्याला ती आपली वाटते.

म्हणून अलंकार म्हणजे नुसते दागिने नव्हेत, बरं का. कधी ती ढाल असते, तर कधी चक्क पुरावा. पुढच्या वेळी स्मारकासमोर सिग्नल लागला, की मोबाईलवरचं एखादं आवडतं रॅप गाणं आठवा आणि स्वतःला विचारा: यातली लेक कोण, आणि सून कोण?

भेटू पुढच्या भागात!