मिलिंदचा प्रश्न

‘सर, इतिहास घेऊन पुढे काय?’ बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. विचारणारी मुले-मुली शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची असतात. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. नेट उत्तीर्ण होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. म्हणून उत्तर मी इतिहासातच शोधतो, आणि ते शोधताना नागसेनवनापाशी येऊन थांबतो.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली, तेव्हा मराठवाड्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, आणि तिथले माध्यम उर्दू. ज्याला गावातल्या शाळेचा उंबरठाच परका, त्या अस्पृश्याच्या मुलाने पदवीचे स्वप्न तरी कोणत्या भाषेत पाहावे? बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि 1950 साली ते तेव्हाच्या औरंगाबादेत आले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला नाव मिळाले ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’.

या नावांकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा भिक्षू. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात चर्चेच्या आरंभीच नागसेन एक अट घालतो. राजा पंडितांच्या रीतीने बोलणार असेल तर चर्चा होईल. राजांच्या रीतीने बोलणार असेल तर होणार नाही. कारण पंडिताचे म्हणणे खोडता येते, राजाचे खोडले की शिक्षा होते. मिलिंद ही अट मान्य करतो, आणि उत्तर पटले की तसे मोकळेपणाने सांगतो.

वर्णव्यवस्था म्हणजे दुसरे काय? कोणी सांगायचे आणि कोणी ऐकायचे हे तिथे जन्मानेच ठरते. पाटलाच्या वाड्यासमोर चपला हातात घेऊन उभ्या राहणाऱ्या बापाच्या मुलाला, समोरच्याचे म्हणणे खोडून काढता येते, हे शिकवणे हाच मोठा विद्रोह होता. मात्र त्यासाठी पोटाचा प्रश्न बाबासाहेबांनी दुय्यम मानला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी केलेल्या प्रयत्नांतून 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली होती. नागसेनवनात वर्गाच्या जोडीला वसतिगृहे आली. उपाशी माणसाला वादविवाद शिकवता येत नाही, हे ते स्वानुभवाने जाणत होते.

याचे फलित केवळ नोकऱ्यांच्या संख्येत मोजता येणार नाही. शिक्षक, कारकून, अधिकारी तर इथून निघालेच. पण प्राचार्य म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ हे नाटक याच वातावरणातले. इथेच प्राध्यापक असलेल्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि खेड्यापाड्यांतून आलेली मुले स्वतःच्या जगण्याविषयी लिहिती झाली.

या शिक्षणाची परीक्षा पुढे रस्त्यावर झाली. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ते राजांच्या रीतीचे उत्तर होते. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, तोवर सोळा वर्षे आपल्या माणसांनी प्रश्न सोडला नाही. त्यासाठी अनेकांनी प्राण दिले.

आता वर्गातल्या प्रश्नाकडे परत येतो. माझ्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अडली होती. ‘वरून आली नाही’ एवढेच उत्तर तिला महिनोन्‌महिने मिळत होते. शेवटी तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला, लेखी कारण मागवले आणि ते चुकीचे आहे हे कागद दाखवून सिद्ध केले. तिची आई निरक्षर आहे. आपल्या मुलीला साहेबाशी खुर्चीत बसून बोलताना त्या माउलीने पहिल्यांदाच पाहिले.

इतिहास घेऊन नोकरी मिळेलच, असे मी मुलांना सांगत नाही. ते खोटे ठरेल. रिकाम्या जागा भरा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, ही लढाई वेगळी लढलीच पाहिजे, आणि तिच्यात मीही आहे. पण ती लढायलासुद्धा समोरच्याला ‘लेखी द्या’ म्हणणारा माणूस लागतो. तो घडवणे हे महाविद्यालयाचे काम. पुढच्या जूनमध्ये तोच प्रश्न पुन्हा येईल. तो येत राहावा, अशीच माझी इच्छा आहे.