लेनिनचे ‘मृत्युपत्र’ : वारस नसलेली संहिता

लेनिनने डिसेंबर १९२२च्या अखेरीस लेखनिकांना सांगितलेली टिपणे ‘मृत्युपत्र’ या नावाने ओळखली जातात. मराठीत मृत्युपत्र म्हटले की मालमत्ता आणि वारस ही दोन्ही गृहीत असतात. या संहितेत वारस नाही. आणि तिचे पुढील भवितव्य बव्हंशी या अभावातूनच घडले.

आजारामुळे दिवसाकाठी पाच-दहा मिनिटेच मजकूर सांगण्याची मुभा लेनिनला होती. २३ डिसेंबरच्या टिपणात मध्यवर्ती समितीची सदस्यसंख्या ५० ते १०० पर्यंत वाढवावी, अशी सूचना आहे. त्यानंतर सहा सहकाऱ्यांचे मूल्यमापन येते. त्याची रचना लक्षणीय आहे : प्रत्येक गुणाला ‘पण’ जोडलेला. ट्रॉट्स्की सर्वांत कर्तबगार, पण अतिआत्मविश्वासू. बुखारिन पक्षाचा लाडका, पण द्वंद्ववादाचे त्याचे आकलन अपुरे. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांना ऑक्टोबर १९१७मधील विरोधाची आठवण करून दिलेली, तर प्याताकोव्हला प्रशासकीय वृत्तीचा दोष. स्टालिनच्या हाती अमर्याद सत्ता एकवटली असून तो ती जपून वापरील याची खात्री नाही, असे सांगून ४ जानेवारी १९२३च्या पुरवणीत त्याला सरचिटणीसपदावरून हलविण्याची सूचना केली आहे. त्याच्या जागी कोण, हे मात्र सांगितलेले नाही.

लेनिनच्या मृत्यूनंतर, मे १९२४मध्ये क्रुप्स्कायाने ही टिपणे पक्षाकडे सोपविली. तेराव्या अधिवेशनात ती प्रतिनिधिमंडळांना स्वतंत्रपणे वाचून दाखविण्यात आली. खुली चर्चा झाली नाही. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांनी त्या वेळी स्टालिनला सांभाळून घेतले, आणि १९३६मध्ये दोघेही मारले गेले. १९२६मध्ये न्यूयॉर्कमध्ये मजकूर छापला गेला. सोव्हिएत वाचकांना तो १९५६मध्येच अधिकृतपणे मिळाला. अलीकडे सखारोव्ह (२००३) आणि कॉटकिन (२०१४) यांनी टिपणांच्या अस्सलपणाविषयी शंका घेतल्या आहेत. बहुसंख्य अभ्यासकांना त्या मान्य नाहीत.

भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा अनुभव येथे तुलनेस उपयुक्त ठरतो. १९२१मध्ये ‘गांधी व्हर्सेस लेनिन’ लिहिणारे श्रीपाद अमृत डांगे १९६२मध्ये अजय घोष यांच्या निधनानंतर नव्याने निर्माण केलेल्या अध्यक्षपदावर आले आणि ई. एम. एस. नंबुद्रिपाद सरचिटणीस झाले. वारसाची निवड टाळण्याची हीदेखील एक पद्धत होती, आणि ती टिकली नाही. मार्च १९६४मध्ये, डांगे यांनी १९२४मध्ये तुरुंगातून ब्रिटिश सरकारला लिहिली असे सांगितली जाणारी पत्रे प्रसिद्ध झाली. डांगे यांनी ती बनावट ठरविली. एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य बाहेर पडले. कोणते धोरण पक्षाने स्वीकारावे, हा खरा वाद. पण दीर्घकाळ चर्चिला गेला तो कागदाच्या अस्सलपणाचा प्रश्न. डांगे यांना पक्षातून काढण्यात आले ते मात्र पुढे १९८१मध्ये, आणि कारण निराळे होते : इंदिरा काँग्रेसशी असलेली त्यांची जवळीक.