हात सोडला तरी न पडणारं ओझं

गॅरेजच्या वरच्या माळ्यावर जुनं इंजिन चढवायचं असेल तर जिना कामाचा नाही. दोनशे किलोंचं धूड चौघांनी धरलं तरी वळणावर अडतं, आणि एकाचा पाय घसरला की सगळ्यांच्याच जिवावर बेततं. म्हणून वरच्या गर्डरला चेन पुली टांगतात. हेल्पर हातसाखळी ओढत राहतो, इंजिन इंचाइंचानं वर सरकतं. मध्येच त्याचा फोन वाजला तर तो खुशाल साखळी सोडतो. इंजिन आहे तिथेच लोंबकळत राहतं. वजन उचलायची युक्ती फार जुनी. हात सोडल्यावरही ते अधांतरी धरून ठेवणारी ही साखळी मात्र एकोणिसाव्या शतकातली.

तीन आणि पाच कप्प्यांच्या याऱ्यांचं वर्णन रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसनं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात करून ठेवलं आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या जुन्या घरांच्या माथ्यावर आजही तुळई पुढे आलेली दिसते. जिने अरुंद, आणि माल साठवायचा माळ्यावर. म्हणून तुळईला कप्पी लावून पोती-पिंपं खिडकीतून आत घेत. पण दोराचं टोक कुणीतरी धरायलाच हवं. ते सुटलं की माल रस्त्यावर.

दुसरी वाट रहाटाची. युरोपात ‘चिनी रहाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात एकाच लाटेचे दोन भाग असत, एक किंचित जाड, एक बारीक. जाड भागावर दोर गुंडाळला जाई, त्याच वेळी बारीक भागावरून सुटे. ओझं चढे ते या दोहोंतल्या फरकाच्या निम्म्यानं. जोर अगदी थोडा पुरे, पण दोर अवाच्या सवा लागे. दोन्ही भागांच्या घेरांचं प्रमाण १० ला ९ असेल, तर ओझं एक मीटर चढवायला २० मीटर दोर गुंडाळावा लागे आणि १८ मीटर सोडावा लागे.

ही अडचण इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या किंग्ज नॉर्टनच्या थॉमस ऑल्ड्रिज वेस्टननं १८५४ च्या सुमारास सोडवली. दोराऐवजी त्यानं टोकं नसलेली, गोल जोडलेली साखळी घेतली. वर एकाच आसावर दोन चाकं, समजा एकात १० कड्या बसतील एवढ्या खाचा आणि दुसऱ्यात ९. एका फेऱ्यात दहा कड्या वर जातात, नऊ खाली येतात, आणि ओझं अर्धी कडी चढतं. तीच साखळी फिरत राहते, त्यामुळे गुंडाळून ठेवायचा प्रश्नच उरत नाही.

कागदावर सोपं, पण कडी खाचेत नेमकी बसणं आणि न अडकता सुटणं हे कठीण होतं. ते जमवलं बर्मिंगहॅमच्या टँजी बंधूंनी. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे महाकाय जहाज पाण्यात ढकलताना ज्यांचे हायड्रॉलिक जॅक कामी आले, तेच हे टँजी. १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात या पुलीला पदक मिळालं. ही युक्ती आधीपासूनच वापरात होती, असा दावा एका लोखंड-व्यापाऱ्यानं केला. कोर्टात तो टिकला नाही. पुढे कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेल्या येल कंपनीनं ती अमेरिकेत बनवायला घेतली.

मग हात सोडल्यावर ओझं थांबतं कशामुळे? घर्षणामुळे. वरच्या हिशेबानं दोनशे किलोंना दहा किलोंचा जोर पुरायला हवा. प्रत्यक्षात पंचवीसच्या आसपास लागतो, कारण निम्म्याहून जास्त मेहनत चाकं आणि कड्या घासण्यात जाते. उचलताना जे घर्षण एवढं खातं, तेच ओझ्याला साखळी उलटी फिरवू देत नाही. इंजिनिअर ज्याला नुकसान म्हणतो, त्याच्या भरवशावर ओझ्याजवळचा माणूस उभा असतो.

आजच्या चेन पुलीत दातेरी गिअर आहेत, त्यामुळे घर्षण कमी आणि काम झटपट. मग थांबवण्यासाठी वेगळा ब्रेक आला, आणि त्यालाही वेस्टनचंच नाव आहे. यात लटकणारं वजनच आटे कसून चकत्या दाबून धरतं. उचलताना ऐकू येणारी टकटक असते ती त्यातल्या खटक्याची. तो दातेरी चाकाला मागे फिरू देत नाही. उतरवायला उलट बाजूची साखळी ओढून आटे सैल करावे लागतात. म्हणूनच सर्व्हिसिंग करताना जाणता मिस्त्री साखळीला तेल देतो, पण ब्रेकच्या कोरड्या चकत्यांना तेलाचा थेंबही लागू देत नाही.